कॉइलचा सेन्सर आणि निळी वायर: एका घरगुती हीट पंपाच्या प्रकल्प नोंदी

4 जानेवारी

हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा घरगुती हीट पंप. क्षमता 8 किलोवॅट, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, गॅस आर-32. हे पाणी फरशीखालच्या पाइपांत फिरतं आणि अंघोळीच्या पाण्याची टाकीही तापवतं. तक्रार अशी: पहाटे यंत्र बंद पडतं आणि स्क्रीनवर कोड येतो. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला की दिवसभर ठीक चालतं, आणि एक-दोन दिवसांनी परत तेच. याआधी आलेल्या मेकॅनिकने "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" असं सांगून ठेवलं होतं.

बाहेरचं युनिट बघितलं. कॉइलचा, म्हणजे हवेतून उष्णता घेणाऱ्या नळ्यांच्या जाळीचा, खालचा अर्धा भाग बर्फात गाडलेला. भुरभुरीत पांढरा थर नव्हे, काचेसारखा घट्ट बर्फ, तोही पार तळाच्या पत्र्यापर्यंत.

कशालाही हात लावण्याआधी फॉल्ट मेमरी कागदावर उतरवून घेतली. हे मी नेहमी करतो. रिसेट केल्यावर काही कंट्रोलर जुने कोड ठेवतात, काही पुसून टाकतात, आणि पुसलेला पुरावा परत मिळत नाही. एकूण आठ नोंदी निघाल्या. सर्वांत जुन्या दोन "पाण्याचा प्रवाह कमी" अशा. त्यानंतरच्या सहाही "गॅसचा दाब कमी" अशा. प्रवाहाचे फॉल्ट एकाएकी थांबून दाबाचे का सुरू झाले, हे आज कळलं नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.

खरी मदत झाली ती घरातल्या आजींची. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यंत्र बंद पडल्याची प्रत्येक वेळ लिहून ठेवली आहे. "पंख्याचा आवाज थांबला की मला जाग येते. मग घड्याळ बघते आणि लिहून ठेवते," म्हणाल्या. 5.10, 5.40, 4.55, 6.05. शेजारी एकेक शब्द: धुकं, धुकं, पाऊस, धुकं. आणि ज्या रात्री पारा उणे 8 वर गेला होता, त्या तारखेपुढे काहीच नाही.

त्या रिकाम्या जागेनेच मला सर्वांत जास्त सांगितलं. गॅस खरोखर कमी असता, तर कडाक्याच्या रात्री यंत्र आधी थकलं असतं. पण हे बंद पडतं दमट हवेत, पारा शून्याच्या जरा वर असताना. कॉइलवर बर्फ सर्वांत झपाट्याने धरतो तो याच हवेत, 0 ते 5 अंशांच्या पट्ट्यात. उणे 8 ला हवेत बाष्प फारसं उरतच नाही.

गॅस भरायचा नाही, असं आजच ठरवलं. आर-32 वजनावर भरतात, गेजवरचा दाब बघून नव्हे. दाब कमी दिसला म्हणून गॅस कमी झाला, असं होत नाही.

5 जानेवारी

बर्फ काढला. कोमट पाणी हळूहळू ओतून, सव्वा तास लागला. स्क्रू ड्रायव्हरने किंवा हातोडीने बर्फ फोडायला कधीही जाऊ नये. फिन्स (नळ्यांवरच्या पातळ पट्ट्या) वाकतात आणि एखादी नळी फुटली तर सगळा गॅस गेला. तळपत्र्याचं निचऱ्याचं भोक पानांनी बुजलं होतं, तेही मोकळं केलं.

6 जानेवारी

रात्रभर कॉम्प्रेसर बंद ठेवायला सांगितलं होतं, मेन मात्र चालूच. मेन बंद केला की क्रँककेस हीटरही (कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा) बंद होतो. मग थंड रात्री गॅस हळूहळू कॉम्प्रेसरच्या तेलात उतरतो आणि सकाळी स्टार्ट करताना तेलाला फेस येतो, बेअरिंगना तेल पोचत नाही. म्हणूनच रोज मेनने रिसेट करण्याच्या सवयीची मला फार काळजी वाटते.

थंड यंत्रावरची तुलना ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. बाहेरची हवा, कॉइल, सक्शन (कॉम्प्रेसरमध्ये जाणारी नळी), डिस्चार्ज (त्यातून निघणारी गरम नळी) हे चारही सेन्सर रात्रभर एकाच थंडीत बसलेले असतात, म्हणजे पहाटे चौघांनी एकच आकडा सांगायला हवा. वाचन असं: 2.8, 2.6, 3.1, 3.4. उत्तम. यातला एखादा पाच-सात अंश वेगळं बोलला असता, तर तिथेच सापडला असता.

सगळे पास झाले, आणि मी जरा कोड्यात पडलो.

मग यंत्र चालू केलं, अर्धा तास जाऊ दिला आणि कॉइलच्या खालच्या नळीवर माझं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधून वरून इन्सुलेशन गुंडाळलं. नळीचं तापमान उणे 9. त्याच क्षणी कंट्रोलरच्या स्क्रीनवर कॉइलचं तापमान अधिक 1. दहा अंशांची तफावत.

बाजूचा पत्रा काढला. नळीवर झाळलेली तांब्याची बोटभर लांब टोपी असते. सेन्सर तिच्यात तळापर्यंत घुसवायचा आणि आत स्प्रिंगची पट्टी घालायची, म्हणजे तो धातूला चिकटून राहतो. इथे पट्टी नव्हतीच. सेन्सर टोपीच्या तोंडाशी तिरका लोंबकळत होता, अर्धा आत, अर्धा हवेत. दोन बोटांनी हलवला तर डुगडुगला. नळीचं म्हणून जे तापमान तो सांगत होता, ते खरं तर आजूबाजूच्या हवेचं होतं.

आता सगळी साखळी जुळते. हा कंट्रोलर डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइल तापवून बर्फ वितळवणं, दोन प्रकारे सुरू करतो. एक, कॉइल हवेपेक्षा 8 अंशांहून जास्त थंड झाली तर. दोन, ठरावीक वेळ उलटल्यावर, पण त्यालाही कॉइल उणे 2 च्या खाली असण्याची अट आहे. बाहेर 3 अंश असताना त्याला कॉइल 1 वर दिसत होती, म्हणजे फरक अवघा दोनाचा. दोन्ही दारं बंद, डीफ्रॉस्ट नाही, बर्फ वाढत गेला. हवेची वाट अडली, कॉइलला उष्णता मिळेना, गॅस आणखी खालच्या तापमानाला उकळू लागला आणि दाब घसरला. आर-32 शून्य अंशाला उकळतो तेव्हा निरपेक्ष दाब सुमारे 8 बार असतो, उणे 20 ला निम्माच, 4 बार. शेवटी कमी दाबाच्या संरक्षणाने कॉम्प्रेसर थांबवला. त्याने आपलं काम चोख केलं होतं. उणे 8 च्या रात्री मात्र टोपीच्या तोंडाशी बसलेला सेन्सरही उणे 2 च्या खाली गेला, म्हणून वेळेनुसार डीफ्रॉस्ट होत राहिला. आजींच्या कागदावर ती जागा रिकामी राहिली ती यामुळे.

बर्फ काढल्यानंतर सुपरहीट (कॉइलमधून निघणारा गॅस उकळण्याच्या तापमानापेक्षा किती जास्त तापलाय ते) 5 अंश होता आणि कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह मधल्याच स्थितीत. गॅस कमी असता तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही सुपरहीट चढलेला दिसला असता. गॅसच्या शंकेचा विषय इथे संपला, तोही गेज न लावता.

9 जानेवारी

नवी पट्टी आणि सोबत एक जादा सेन्सर मागवला होता. हे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापमान वाढलं की यांचा विद्युत रोध कमी होतो. पाकिटावर "10 किलोओहम" एवढंच छापलेलं. तेवढ्यावर विसंबलो नाही. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा, त्याच्या फटी भरतील इतकंच पाणी, ढवळून दहा मिनिटं ठेवलं. या मिश्रणाचं तापमान शून्य अंश, वेगळी चाचणी लागत नाही. जुना सेन्सर मीटरवर 32.6 किलोओहम दाखवतो. यंत्राच्या तक्त्यात 0 अंशाला 32.65 आहे, म्हणजे तो अगदी ठणठणीत. नवा दाखवतो 29.5.

दोन्ही 25 अंशांना 10 किलोओहमच असतात, म्हणून दुकानातल्या टेबलावर सारखेच वाटतात. पण दोघांचे वक्र वेगळे. नवा बसवला असता तर शून्याला कंट्रोलरला सुमारे 2 अंश दिसले असते आणि उणे 10 ला उणे 7. डीफ्रॉस्टचा सगळा निर्णय ज्या पट्ट्यात होतो, नेमकी तिथेच चूक, आणि कोड मात्र कधीच आला नसता. सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तरच कंट्रोलर फॉल्ट दाखवतो. शक्य वाटणारा खोटा आकडा त्याला पकडता येत नाही.

नवा परत पाठवला. जुनाच सेन्सर टोपीत तळापर्यंत घातला, पट्टी बसवली, तोंड सीलंटने बंद केलं, कारण आत पाणी शिरून गोठलं की तेच त्याला पुन्हा बाहेर ढकलतं. वायरीला खाली एक वळसा ठेवला, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत टोपीत जाणार नाही.

(सेन्सर उकळत्या पाण्यात तपासणारे लोक मी पाहिलेत. उत्कलनबिंदू उंचीप्रमाणे बदलतो, 300 मीटरला साधारण एक अंश. बर्फाला ही अडचण नाही.)

13 जानेवारी

धुकं, 2 अंश, हवी तशी हवा. सकाळी सहापासून युनिटसमोर उभा.

7.12 ला पंखा थांबला, पाठोपाठ गॅसचं चक्र उलटवणाऱ्या रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचा "खट्ट" आणि लांब फुसकारा. मिनिटभरात कॉइलवरचा पांढरा थर आधी राखाडी झाला, मग ओला, मग पातळ पापुद्रे सुटून खाली घसरू लागले. युनिटमधून वाफेचा ढग वर आला. यंत्राला आग लागली असं लोकांना वाटतं तो हाच क्षण.

पण डीफ्रॉस्ट पूर्ण झाला नाही. कॉइल 12 अंशांवर पोचली की तो संपायला हवा, इथे 4 अंशांवरच कंट्रोलरने सोडून दिला. कारण स्क्रीनवर होतं: यंत्रातून घराकडे जाणारं पाणी 34 वरून सरळ 6 अंशांवर आलं, आणि प्लेट हीट एक्स्चेंजरचं (जिथे गॅस आणि घराचं पाणी पातळ पत्र्यांआडून उष्णता देतात-घेतात) गोठण-संरक्षण मध्ये पडलं.

डीफ्रॉस्टमध्ये चक्र उलटं फिरतं. घराच्या पाण्यातून उष्णता घेऊन बाहेरची कॉइल वितळवतात, म्हणजे तेवढ्या मिनिटांपुरती घरातली प्लेट बाष्पक (गॅस उकळून उष्णता शोषणारा भाग) बनते. पाणी भरपूर वाहत असेल तर दहा-बारा अंश उतरतं आणि सावरतं. वाहतच नसेल तर प्लेटमध्ये गोठतं.

म्हणजे पाणी कमी वाहतंय. 4 तारखेचं प्रश्नचिन्ह आठवलं.

14 जानेवारी

कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त पंप फिरवला. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचे सेन्सर अशा वेळी सारखंच बोलले पाहिजेत, 0.3 चा फरक, चालेल. मग पूर्ण भार. 8 किलोवॅटला दोन्हींत 5 अंशांचा फरक हवा असेल तर मिनिटाला सुमारे 23 लिटर पाणी लागतं. इथे फरक 9 अंश, म्हणजे जेमतेम 13 लिटर.

गाळणी उघडली. काळा, शाईसारखा गाळ, चुंबक जवळ नेताच त्याला चिकटला. लोखंडाच्या गंजाचा मॅग्नेटाइट. जाळीचा तीन चतुर्थांश भाग बुजलेला.

पण 13 लिटरवर फ्लो स्विचने यंत्र थांबवायला हवं होतं. का थांबवलं नाही? टर्मिनल बॉक्सचं झाकण काढलं आणि उत्तर समोर होतं. फ्लो स्विचच्या दोन टर्मिनलांमध्ये चार बोटांची निळी वायर, दोन्ही टोकं नीट सोलून, स्क्रूखाली पक्की आवळलेली. स्विच बायपास केला होता. म्हणूनच "प्रवाह कमी"चे फॉल्ट दोनच येऊन थांबले. प्रवाह सुधारला नव्हता, तो कळवणाऱ्याचं तोंड बांधलं होतं.

माझा सहकारी म्हणाला, "दादा, त्या दिवशी घर गरम करायचं होतं म्हणून केलं असेल." असेलही. थंडीत कुडकुडणारं घर समोर असताना यंत्र चालू करून देण्याचा दबाव मी ओळखतो. तरीही ही वायर बघून मला अस्वस्थ वाटलं, आणि ते इथे लिहून ठेवतो. प्लेटमध्ये पाणी गोठलं की पातळ पत्रे फाटतात. मग पाणी गॅसच्या बाजूला शिरतं आणि कॉम्प्रेसर संपतो. आणि गॅस पाण्याच्या बाजूला शिरतो, तिथून हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून घराच्या आत. आर-32 सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. आतापर्यंत डीफ्रॉस्ट क्वचितच होत होते म्हणून ही प्लेट वाचली. मी कॉइलचा सेन्सर नीट केला आणि डीफ्रॉस्ट नियमित होऊ लागले, म्हणजे माझ्याच दुरुस्तीने धोका वाढवला होता. काल गोठण-संरक्षणाने हात आडवा घातला नसता तर आजची नोंद वेगळी असती. पुढे कधीही एक सेन्सर बदलण्याआधी सगळ्या संरक्षणांच्या टर्मिनलांवर नजर टाकायची, हे माझ्या तपासयादीत पहिल्या ओळीवर आलं.

आजींना वायर दाखवली आणि काय झालं असतं ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ते बंद पडत होतं ते बरंच होतं का रे?" हो, आजी. बरंच होतं.

वायर काढली. फ्लो स्विचची पाती गाळाने चिकटून अडकलेली, ती साफ करूनही भरवशाने हलेना, म्हणून नवा स्विच मागवला. तो येईपर्यंत यंत्र बंद. पाणी हीटरच्या कांडीवर तापेल.

18 जानेवारी

स्विच बसवला. पाण्याचं वर्तुळ धुऊन काढलं, चुंबकीय गाळणी जोडली. आता 22 लिटर, फरक 5.2. व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत नेला, ठरलेल्या मर्यादेला स्विच सुटला आणि कॉम्प्रेसर थांबला.

19 जानेवारी

डीफ्रॉस्ट 4 मिनिटं 20 सेकंद. पाणी 34 वरून 23. कॉइल 12 वर संपला.

23 जानेवारी

कॉइलच्या अनुभवानंतर डिस्चार्ज सेन्सरही चालू यंत्रावर तपासायचं ठरवलं. टाकी 55 अंशांपर्यंत तापवताना डिस्चार्ज नळीवर थर्मोकपल बांधलं: 96 अंश. कंट्रोलरला दिसतात 82.

इथे सेन्सर टोपीत होता, पट्टीही होती. पण थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती आणि वरचं इन्सुलेशन गळून पडलेलं, त्यामुळे पंख्याची थंड हवा सेन्सरला लागत होती. थंड यंत्रावर याने 3.4 सांगितलं होतं, बरोबर सांगितलं होतं. नळी आणि हवा एकाच तापमानाला असताना संपर्क सुटल्याचं कळतच नाही. 6 तारखेची चाचणी पास झाली तेव्हा मी या सेन्सरला सोडून दिलं, ती माझी घाई.

हा 14 अंशांचा फरक किरकोळ नाही. डिस्चार्ज 100 च्या वर जाऊ लागला की हा कंट्रोलर कॉम्प्रेसरचा वेग उतरवतो, 110 ला थांबवतो. त्याला 110 दिसेपर्यंत नळी सव्वाशेवर गेली असती, आणि तिथे तेल जळू लागतं. जुन्या आर-410ए पेक्षा आर-32 चा डिस्चार्ज मुळातच जास्त तापतो, त्यामुळे या सेन्सरवर भिस्त जास्त.

हा सेन्सर 25 अंशांना 50 किलोओहमचा आहे. 10 किलोओहमचा थर्मिस्टर 100 अंशांना सातशे-आठशे ओहमवर येतो आणि तिथे अंशागणिक बदल फार थोडा. 50 चा त्याच तापमानाला साडेतीन किलोओहमच्या आसपास असतो, म्हणजे वाचायला जागा मिळते. म्हणून डिस्चार्जच्या जागी हाताशी असलेला 10 चा लावून भागत नाही.

टोपी साफ केली, नवी पेस्ट, पट्टी, वर जाड इन्सुलेशन, दोन ठिकाणी बांधलं. पुन्हा टाकी तापवली: नळी 95, स्क्रीन 94.

30 जानेवारी

सगळ्या संरक्षणांची एकेक चाचणी. कनेक्टर काढायचा, यंत्र काय करतं ते बघायचं, परत लावायचा. उच्च दाबाचा स्विच: कॉम्प्रेसर तत्क्षणी बंद. याच्या पाटीवर 41.5 बार आहे. आर-32 चं 60 अंशांना घनीभवन होतं तेव्हा दाब सुमारे 39 बार असतो, म्हणजे टाकी तापवताना या रेषेपासून आपण फार लांब नसतो. हा स्विच थेट इन्व्हर्टरच्या सुरक्षा सर्किटमध्ये आहे, सॉफ्टवेअरला विचारत नाही, आणि तसाच असायला हवा. कॉइल, डिस्चार्ज, सक्शन: तिन्हींना योग्य कोड. पाण्याचे दोन्ही: कोड आणि पंप चालू, ठीक. बाहेरच्या हवेचा सेन्सर काढला तर यंत्र थांबत नाही, ठरावीक आकडा धरून चालत राहतं. तशी नोंद पॅनेलच्या आत केली.

प्रत्येक वेळी परत सुरू व्हायला तीन मिनिटं. दोन्ही बाजूंचे दाब समान होईपर्यंत कॉम्प्रेसरला उठवायचं नाही, म्हणून हा टायमर. सहकारी कंटाळला, पण टायमर वगळण्याचं बटण आम्ही दाबलं नाही.

लॉकआउटही तपासला. तासाभरात तीन ट्रिप झाल्यावर यंत्र स्वतःहून उठत नाही. मेन बंद-चालू केल्याने हीच मोजणी शून्यावर येत होती.

13 फेब्रुवारी

दोन आठवडे लॉगर लावून ठेवला होता. 41 डीफ्रॉस्ट, सर्वांत लांब 5 मिनिटं 50 सेकंद, एकही मध्येच सोडलेला नाही. फॉल्ट शून्य. धुक्याच्या पाच सकाळी यात आल्या.

पॅनेलच्या आत तक्ता चिकटवला: प्रत्येक सेन्सर कुठे बसतो, 0 आणि 25 अंशांना किती किलोओहम, आणि चालू यंत्रावर नळीचं व स्क्रीनचं आजचं वाचन शेजारी शेजारी. पुढे येणाऱ्याला तुलना करायला काहीतरी हवं. फ्लो स्विचच्या ओळीत लिहिलं: बायपास करू नये, आधी गाळणी बघावी.

आजींनी विचारलं, आता काय लिहू? आवाज थांबला तरी चार-सहा मिनिटांत परत आला तर काही लिहू नका, म्हटलं. दहा मिनिटं झाली तर वेळ लिहा, स्क्रीनवरचा कोड लिहा, मेनला हात न लावता मला फोन करा. त्यांनी कॅलेंडरचा नवा महिना उलटून मागे तीन रकाने आखले: वेळ, कोड, हवा.